संधिवाताची मोजदाद



व्याख्यानाच्या मांडवात पूर्वी सतरंज्या अंथरलेल्या असत. वयोवृद्धांसाठी कडेला दहा-पंधरा खुर्च्या मांडीत, आणि त्यांवर बसणाऱ्यांना थोडे ओशाळल्यासारखेही होई. आता सगळीकडे खुर्च्याच झाल्या आहेत. याची कारणे अनेक असतील. परंतु व्याख्यान संपल्यावर खुर्चीच्या दोन्ही हातांवर भार देऊन, ओठ दाबून उठणारी मंडळी पाहिली म्हणजे त्यांतले एक कारण गुडघ्यांत आहे हे निराळे सांगावे लागत नाही. तेव्हा आजचा विषय या मांडवात परका नाही.

चालकांनी दिलेले विषयाचे नाव मात्र भारदस्त आहे. सांध्यांच्या रोगांवर 'प्रिसिजन मेडिसिन', म्हणजे ज्याचा त्याला नेमका लागू पडणारा उपचार, शोधून काढण्यासाठी 'डेटा सायन्स'चा उपयोग. हजारो रुग्णांच्या नोंदी, रक्ताच्या तपासण्या, क्ष-किरणांची चित्रे, जनुकांचे तक्ते एकत्र करावयाचे, त्यांतला सारखेपणा आणि वेगळेपणा संगणकाकडून हुडकून घ्यावयाचा, आणि त्यावरून समोर बसलेल्या एका माणसाला कोणते औषध द्यावे ते ठरवावयाचे, असा हा उद्योग आहे. आम्ही वैद्य नाही, संगणकाचे जाणकारही नाही. इतिहास हा आमचा प्रांत. यंत्राच्या पोटात काय चालते हे आम्ही सांगू लागलो तर ती लुडबूड होईल. पण यंत्राला ज्या नोंदींचे खाद्य घालतात त्या कोणी, कोणाच्या आणि कशा केल्या, हा प्रश्न इतिहासाचाच आहे. आणि या सगळ्या उद्योगाचे बरेवाईट आमच्या मते त्याच प्रश्नावर अवलंबून आहे.

आमचे लक्ष तिकडे गेले ते एका घरगुती प्रसंगामुळे. आमच्या आत्याबाईंचे गुडघे पुष्कळ वर्षे दुखत. एकदा त्यांना एका दवाखान्यात नेले. तेथे गुडघ्यांचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरून पाहिला, 'फोटोत विशेष काही नाही, वयोमानाने व्हायचेच' असे म्हणून गोळ्या लिहून दिल्या, आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली. बाहेर आल्यावर आत्याबाई म्हणाल्या, "अरे, फोटो चांगला आला असेल, पण दुखतंय ते मला." आम्ही त्या वेळी हसलो. पुढे वाचता वाचता असे आढळले की, आत्याबाईंनी ज्यावर बोट ठेवले होते त्याच गोष्टीवर वैद्यकाच्या एका नामांकित मासिकात २०२१ मध्ये निबंध प्रसिद्ध झाला. त्याकडे येण्यापूर्वी थोडे मागे जाऊ.

आपल्याकडे सांधा दुखला की 'वात' म्हणतात, आणि तेवढ्यावर बहुतेकांचे समाधान होते. जुने वैद्य इतके ढोबळ नव्हते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातरक्ताला स्वतंत्र अध्याय आहे. सुकुमार, सुखवस्तू, खाण्यापिण्यात सैल अशा माणसांना तो रोग गाठतो असे तेथे म्हटले आहे, आणि त्याचे वर्णन पाश्चात्त्य वैद्यकातल्या 'गाऊट'शी पुष्कळसे जुळते. पुढे सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास माधवकराने आपल्या निदानग्रंथात आमवाताला वेगळे प्रकरण दिले. आजचे वैद्य 'रुमॅटॉइड आर्थ्रायटिस'ला आमवात म्हणतात. दोन्ही अगदी एकच होत, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पण एका दुखण्यातून दुसरे वेगळे काढण्याची ती धडपड ध्यानात ठेवण्याजोगी आहे. जोपर्यंत नाव एक तोपर्यंत काढा एक.

युरोपात हे काम सतराव्या शतकात थॉमस सिडनहॅम या इंग्रज वैद्याने नेटाने मांडले. वनस्पतींचे अभ्यासक जसे झाडाझुडपांचे वर्ग पाडतात तसे रोगांचेही पाडावेत, असा त्याचा आग्रह होता. १६८३ मध्ये त्याने गाऊटवर प्रबंध लिहिला तो स्वतःच्या पायाच्या अनुभवावरून. तीसएक वर्षे तो रोग त्याच्या मागे लागला होता. वर्णन जिवंत उतरले याचे नवल नाही. पण लिहिणारा सुखवस्तू पुरुष, आणि ज्यांच्या घरी वैद्य जात तेही तसेच. सांध्यांचा मानाचा रोग म्हणजे श्रीमंत पुरुषांचा रोग ही समजूत आधीपासून होती, ती अधिकच घट्ट झाली.

ती समजूत प्रथम हलली पॅरिसमध्ये. तेथील साल्पेत्रिएर या प्रचंड आश्रयगृहात निराधार, म्हाताऱ्या आणि वेड लागलेल्या स्त्रियांना ठेवीत. १८०० मध्ये लांद्रे-बोव्हे नावाच्या अठ्ठावीस वर्षांच्या तरुणाने तेथे पाहिलेल्या नऊ रुग्णांवर आपला पदवीचा प्रबंध लिहिला. नऊच्या नऊ स्त्रिया होत्या. त्यांचे सांधे सुजत, वाकडे होत, रोग वर्षानुवर्षे रेंगाळे. आणि गाऊट ज्यांना होतो म्हणून सांगत तसे मांसमद्याचे जेवण या बायकांच्या वाट्याला कधी आले असेल असे वाटत नाही. बिचाऱ्याला जुन्या नावाची भीड सुटली नाही. त्याने या रोगालाही गाऊटचाच एक दुबळा प्रकार मानले. पण पुढे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणून जो ओळखला गेला त्याचे पहिले नीट वर्णन म्हणून आज त्याच प्रबंधाकडे बोट दाखवितात. आम्हांस त्यात एक गोष्ट फार बोलकी वाटते. रोग नवा नव्हता. पाहणारा नव्या ठिकाणी गेला होता.

दोन्ही रोगांची फारकत पक्की केली ती लंडनच्या आल्फ्रेड बेअरिंग गॅरडने, आणि तीही एका दोऱ्याने! गाऊटच्या रुग्णाच्या रक्तात यूरिक आम्ल अधिक असते हे त्याने १८४८ मध्ये दाखविले होते. पण ते मोजण्याची रीत किचकट होती, साध्या डॉक्टरला झेपणारी नव्हती. म्हणून १८५४ मध्ये त्याने एक युक्ती प्रसिद्ध केली. रुग्णाचे थोडे रक्त घेऊन ते गोठू द्यावयाचे. वर जे पिवळसर पाणी सुटते ते एका पसरट काचेच्या बशीत काढावयाचे. त्यात थोडे अ‍ॅसेटिक आम्ल, म्हणजे शिरक्यातले आम्ल, घालावयाचे. कापडातून ओढून काढलेला एखादा धागा त्यात सोडावयाचा. आणि बशी एक-दोन दिवस कोणाचा धक्का लागणार नाही अशा जागी ठेवून द्यावयाची. आपल्याकडे खडीसाखर करताना दोऱ्यावर खडे धरतात, ते आपण पाहिले असेल. तसेच गाऊटवाल्याच्या रक्तातल्या धाग्यावर यूरिक आम्लाचे बारीक स्फटिक जमत. दुसऱ्या प्रकारच्या रुग्णांचा धागा कोराच राही.

या धाग्याचे महत्त्व सांगावे तेवढे थोडे. रुग्ण श्रीमंत की गरीब, बाई की बुवा, हे धागा विचारीत नाही. १८५९ मध्ये गॅरडने आपल्या ग्रंथात दुसऱ्या रोगाला 'रुमॅटॉइड आर्थ्रायटिस' हे नाव सुचविले, तेच आजतागायत चालू आहे. आज प्रयोगशाळेत रक्ताची एक कुपी घेऊन तिच्यातून कितीतरी आकडे काढतात. त्या सगळ्यांचे मूळ पुरुष शोधू गेल्यास त्या बशीतला धागा त्यांत नक्की सापडेल.

गॅरडचा मुलगा आर्चिबाल्ड हा बापाहून एक पाऊल पुढे गेला. काही थोड्या लोकांची लघवी हवेत राहिली की काळी पडते आणि उतारवयात त्यांच्या सांध्यांतली कूर्चाही काळवंडून झिजते. हा दोष घराण्यांतून चालतो, असे त्याने १९०२ मध्ये दाखविले आणि त्यावरून एक मोठी कल्पना मांडली: जसे चेहरे निरनिराळे तशी माणसामाणसांची शरीरातली रसायनेही निरनिराळी असतात. 'प्रिसिजन मेडिसिन' या नावाने जे आज मिरविते त्याचे बीज येथे आहे. पण त्या बीजाला अंकुर फुटण्यास पाऊण शतक लागले.

कारण मध्यंतरी वैद्यकाला एक चमत्कार सापडला होता. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच याने १९४८ च्या सप्टेंबरात आमवाताने खाटेला खिळलेल्या एका तरुण स्त्रीला कॉर्टिझोनची सुई टोचली, आणि काही दिवसांत ती हिंडूफिरू लागली. अशा रुग्णांची चलच्चित्रे डॉक्टरांच्या सभांतून दाखविण्यात आली. १९५० मध्ये हेंच, केंडल आणि राइखस्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे मात्र तेच औषध दीर्घकाळ घेणाऱ्यांचे चेहरे सुजले, हाडे ठिसूळ झाली, औषध थांबविताच रोग उसळून आला. इंग्लंडमध्ये डॉक्टरांनी रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले, एकाला कॉर्टिझोन दिले, दुसऱ्याला साधी अ‍ॅस्पिरिन, आणि वर्षभर दोन्ही गटांचा हिशेब ठेवला. १९५४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: वर्षअखेरीस दोन्ही गटांत म्हणण्यासारखे अंतर नव्हते. चलच्चित्रात दिसलेले खोटे नव्हते. पण मोजणीने जे सांगितले ते चलच्चित्राने सांगितले नसते.

याच सुमारास मँचेस्टरमध्ये योनास केलग्रेन आणि जॉन लॉरेन्स हे दोघे लँकेशायरमधील खाणकामगारांचे, गिरणगावांतल्या स्त्रीपुरुषांचे सांधे तपासत होते. खाणीत वाकून कोळसा फोडणाऱ्याची कंबर आणि कचेरीत बसणाऱ्याची कंबर यांत काय फरक पडतो, असा त्यांचा शोध. यासाठी हजारो क्ष-किरणचित्रे काढली. मग एक अडचण उभी राहिली. एकच चित्र दोन डॉक्टरांना दाखविले तर दोन मते पडत. त्याच डॉक्टरला तेच चित्र काही दिवसांनी पुन्हा दाखविले तर तिसरे. तेव्हा त्यांनी नमुन्याची चित्रे ठरवून शून्य ते चार अशी पायऱ्यांची मोजपट्टी तयार केली. हाडाला काटे फुटले आहेत का, दोन हाडांमधली फट अरुंद झाली आहे का, यांवरून गुण द्यावयाचे. शून्य म्हणजे निरोगी, चार म्हणजे सांधा पुरता झिजलेला. १९५७ मध्ये ही पट्टी प्रसिद्ध झाली आणि आज इतक्या वर्षांनंतरही जगभर गुडघ्यांची झीज बहुधा हिनेच मोजतात. कोणाचा गुडघा बदलावा, कोणाला गोळ्यांवर ठेवावे, या निर्णयांतही तिचा वाटा असतो.

केलग्रेन-लॉरेन्स यांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. कष्टकऱ्यांचे सांधे शास्त्राच्या वहीत त्यांनी आणले, हे केवढे काम! पण पट्टी मँचेस्टरच्या आसपासच्या गोऱ्या लोकांच्या हाडांवरून बनली, आणि तिने हाड मोजले, दुखणे मोजले नाही. पुष्कळांच्या बाबतीत दोन्ही जुळतात. पुष्कळांच्या बाबतीत जुळत नाहीत. चित्रात गुडघा झिजलेला असून माणूस गड चढतो, आणि चित्रात विशेष काही नसून बाई रात्रभर कण्हते. अशा वेळी पट्टीवर विश्वास ठेवावयाचा की बाईवर? डॉक्टरांनी बहुतेक ठिकाणी पट्टीवर ठेवला.

हा धागा येथेच ठेवून आमवाताकडे वळू. कारण नव्या उपचारांचा खरा बोलबाला तिकडे झाला. लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि पंजाबातील लुधियाना येथे जन्मलेले रविंदर मैनी यांनी सुजलेल्या सांध्यांच्या अस्तरात टी.एन.एफ. नावाचे द्रव्य आग पेटवीत असते असे ताडले, आणि १९९२ मध्ये ते द्रव्य निष्प्रभ करणारे औषध रुग्णांना प्रथम दिले. १९९४ मध्ये ७३ रुग्णांवरील रीतसर चाचणी प्रसिद्ध झाली. चार आठवड्यांनंतर खोटे औषध घेणाऱ्यांत शंभरी आठ जणांना उतार पडला होता. खऱ्या औषधाची मोठी मात्रा घेणाऱ्यांत शंभरी एकोणऐंशी जणांना. आमवाताच्या इतिहासात असा आकडा क्वचितच दिसला असेल.

पण औषध सर्वत्र वापरात आल्यावर ध्यानात आले की दहांपैकी तीन-चार रुग्णांना त्याचा पुरेसा उपयोग होत नाही. मग दुसरे देऊन पाहावयाचे, तेही चालले नाही तर तिसरे. प्रत्येक वेळी तीन-तीन महिने जातात, पैसा जातो, आणि तोवर सांधा आपल्या मार्गाने वाकडा होत राहतो. ज्या घरात हे औषध शेतीचा तुकडा विकून घेतले जाते, त्या घराला 'देऊन पाहू' या शब्दांची किंमत विचारावी. पहिल्यांदाच योग्य औषध निवडता आले तर! डेटा सायन्सची सगळी आशा या एका 'तर'वर उभी आहे.

निवडीसाठी आधी हे कळावयास हवे की आमवात एक आहे की अनेक. खुणा पूर्वीच मिळत होत्या. १९७८ मध्ये पीटर स्टॅस्टनी याने विशिष्ट जनुकप्रकार आमवाताच्या रुग्णांत अधिक आढळतो असे दाखविले. १९९८ मध्ये हॉलंडमधल्या संशोधकांनी रुग्णांच्या रक्तातील प्रतिपिंडे सिट्रुलीन नावाच्या द्रव्याशी बांधली जातात हे सिद्ध केले. हे सिट्रुलीन, जाता जाता सांगतो, प्रथम कलिंगडाच्या रसात सापडले, म्हणून त्याला कलिंगडाच्या लॅटिन नावावरून नाव पडले. या उन्हाळ्यात कोणी भिऊन कलिंगड सोडू नये. त्या फळाचा या रोगाशी नावापलीकडे संबंध नाही. पुढे २००६ मध्ये स्वीडनच्या लार्स क्लारेस्कोग आणि सहकाऱ्यांनी हिशेब मांडला की ज्याच्या अंगी त्या जनुकप्रकाराच्या दोन प्रती आहेत आणि जो विडी-सिगारेट ओढतो, त्याला प्रतिपिंडे असलेला आमवात होण्याचा धोका, यांपैकी काहीच नसणाऱ्याच्या एकवीस पट असतो. प्रतिपिंडे नसलेल्या आमवाताला हा हिशेब लागू पडत नाही. म्हणजे एका नावाखाली निदान दोन रोग नांदत होते. गॅरडच्या धाग्याचेच काम पुन्हा एकदा झाले म्हणावयाचे.

आता तर सांध्याच्या अस्तराचा कण काढून त्यातली एकेक पेशी वेगळी करून तपासतात. अमेरिकेत सरकार आणि औषध कंपन्या यांनी मिळून उभारलेल्या प्रकल्पाने २०२३ मध्ये ७९ माणसांच्या सांध्यांतल्या ३ लाख १४ हजारांवर पेशींचा हिशेब प्रसिद्ध केला. पेशींच्या प्रमाणावरून सुजलेल्या सांध्यांचे सहा प्रकार पडतात, असे संगणकाने दाखविले. माणसाच्या डोळ्यांनी आणि कागद-पेन्सिलीने हे काम सात जन्मांत झाले नसते.

मग औषधाची निवड जमली का? लंडनमधील कॉस्टँटिनो पिट्झालिस यांच्या चमूने पाच युरोपीय देशांतल्या १६४ रुग्णांवर चाचणी केली आणि २०२१ मध्ये ती 'लॅन्सेट'मध्ये आली. या रुग्णांना टी.एन.एफ.वरचे औषध चालले नव्हते. त्यांच्या अस्तरात बी नावाच्या पेशी भरपूर आहेत की विरळ, हे आधी पाहिले, आणि मग चिठ्ठ्या टाकून कोणाला बी पेशी मारणारे रिटुक्सिमॅब, कोणाला टोसिलिझुमॅब दिले. पेशी विरळ असतील तर पहिले औषध कमी चालावे, असा तर्क. सूक्ष्मदर्शकाखाली पाहून गट पाडले तेव्हा फरक ठाम दिसला नाही. पेशींतल्या जनुकांच्या हालचाली मोजून तेच गट पाडले तेव्हा विरळ गटात टोसिलिझुमॅब शंभरी त्रेसष्ट जणांना लागू पडले, रिटुक्सिमॅब छत्तीस जणांना. मोजमाप बारीक झाले तसे उत्तर बदलले! पण आनंदाची घाई नको. त्याच चमूने पूर्वी अशी औषधे न घेतलेल्या रुग्णांवर केलेली दुसरी चाचणी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत असा फरक आढळला नाही. जाणते लोक या विद्येबद्दल जपून बोलतात, आणि आम्हीही तसेच बोलू.

आता मघाचा धागा उचलू. अमेरिकेत २००४ पासून ४५ ते ७९ वयाच्या ४,७९६ स्त्रीपुरुषांची गुडघ्यांसाठी वर्षानुवर्षे पाहणी झाली. फोटो काढले, पट्टीने गुण दिले, आणि 'किती दुखते' हेही विचारून लिहून ठेवले. तेथे एक जुनी गोष्ट पुन्हा दिसली: काळ्या वर्णाच्या लोकांना गोऱ्यांपेक्षा गुडघेदुखी अधिक असते, आणि पट्टीवर सारखे गुण असले तरीही ती अधिकच भरते. याचा अर्थ लावताना कोणी मानसिक ताणाकडे बोट दाखवी, कोणी दारिद्र्याकडे. दुखणे गुडघ्याबाहेरचे आहे, असा एकूण सूर.

एमा पिअर्सन, झियाद ओबरमायर, सेंधिल मुल्लैनाथन आणि त्यांचे सहकारी यांनी एक साधी गोष्ट उलटी केली. अशा कामात संगणकाला बहुधा डॉक्टरचे मत शिकवितात. हे चित्र पाहा, याला डॉक्टरांनी तीन गुण दिले, तूही तीन दे. असा शिकलेला संगणक फार तर त्या डॉक्टरइतका शहाणा होणार आणि त्याच्याइतकाच चुकणार. या मंडळींनी डॉक्टरचे गुण बाजूला ठेवले आणि संगणकाला सांगितले, हे चित्र पाहा आणि या माणसाने स्वतःचे दुखणे किती सांगितले ते ओळख. शिकून झाल्यावर पाहिले तो काळ्या आणि गोऱ्या रुग्णांच्या दुखण्यातल्या तफावतीपैकी जुनी पट्टी अवघ्या नऊ टक्क्यांचा उलगडा करीत होती, आणि हे यंत्र त्रेचाळीस टक्क्यांचा. म्हणजे त्या अधिकच्या दुखण्यातला मोठा भाग गुडघ्यातच होता, फोटोतच होता; पट्टीला तो दिसत नव्हता. आणखी असे आढळले की शिकविण्यासाठी घेतलेल्या चित्रांत तऱ्हेतऱ्हेची माणसे नसली तर यंत्राची ही दृष्टी मंद होते.

यंत्राने फोटोत नेमके काय पाहिले, हे अद्याप नीट उलगडलेले नाही. त्याच्या सांगण्यावरून गुडघे बदलले तर दुखणे खरोखर थांबेल का, हेही या निबंधाने सिद्ध होत नाही. ही दोन्ही वाक्ये आम्ही मुद्दाम सांगतो, कारण अलीकडे संगणकाचे नाव घेतले की लोक हात जोडून उभे राहतात. पण आत्याबाईंच्या वाक्याला शास्त्राच्या दरबारात एवढी जागा पूर्वी कधी मिळाल्याचे आमच्या वाचनात नाही.

आणि आपले गुडघे कोणत्या वहीत आहेत? २०१४ मध्ये आमवाताच्या जनुकांचा एक लाखावर लोकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात युरोपीय आणि आशियाई लोक घेतले होते. पण हे आशियाई प्रामुख्याने पूर्व आशियातले. जी यंत्रे आज उद्याचे औषध ठरवू पाहत आहेत त्यांच्या पाटीवर आपली मुळाक्षरे फारशी नाहीत.

अगदीच नाहीत असे मात्र नव्हे. पुण्याहून सोलापूरकडे जाताना उजनीच्या फुगवट्याजवळ भिगवण लागते. रोहित पक्षी पाहावयास लोक तेथे जातात. त्या गावात १९९६ मध्ये पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांचे सहकारी निराळ्या कामासाठी गेले. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी विकसनशील देशांसाठी 'कॉपकॉर्ड' नावाची पाहणीची पद्धत आखली होती, तिच्याप्रमाणे हे काम झाले. गावातलेच स्वयंसेवक शिकवून तयार केले; ते घरोघर गेले. ज्याला दुखते त्याच्यापुढे माणसाच्या आकृतीचा कागद धरावयाचा आणि कोठे कोठे दुखते ते खुणा करून घ्यावयाचे. नंतर तज्ज्ञ डॉक्टर त्या माणसाला तपासत. चार हजारांहून अधिक प्रौढांची अशी नोंद झाली. शंभरात सुमारे अठरा जणांना हाडांची, सांध्यांची किंवा स्नायूंची दुखणी होती. आमवात हजारात सुमारे पाच जणांना. शहरी रुग्णालयांच्या वह्या चाळून हे कधी कळले नसते, कारण दुखणाऱ्यांतले पुष्कळ जण रुग्णालयाच्या पायरीपर्यंत येतच नव्हते. आणखी एक गोष्ट या पाहणीत निघाली: दुखणाऱ्यांतल्या मोठ्या भागाला पुस्तकातले कोणतेच ठराविक नाव नीट बसेना. माधवकर आणि गॅरड यांनी जे काम सुरू केले ते अजून किती शिल्लक आहे, याचा हा हिशेबच म्हणावा.

त्याच केंद्राने आणखी एक काम केले, ते दिसावयास किरकोळ आहे. गुडघेदुखीचा त्रास किती हे विचारण्यासाठी कॅनडात १९८० नंतरच्या दशकात चोवीस प्रश्नांची एक प्रश्नावली तयार झाली आणि ती औषधांच्या चाचण्यांत जगभर वापरतात. मोटारीत चढता-उतरताना त्रास होतो का, आंघोळीच्या टबात उतरताना होतो का, पायात मोजे घालताना होतो का, असे तिच्यातले प्रश्न. पुण्याच्या मंडळींनी ती येथल्या राहणीप्रमाणे बदलून घेतली आणि मांडी घालून बसणे, उकिडवे बसणे यांची चौकशी तीत आणली. आमच्या आत्याबाईंनी जन्मात मोजे घातले नव्हते. मूळ प्रश्नावली त्यांच्यापुढे आली असती तर त्या प्रश्नाला त्यांनी 'नाही, मुळीच नाही' असे उत्तर दिले असते, आणि वहीत त्यांचा त्रास तेवढ्या गुणांनी कमी भरला असता.